चौथा दगड

घर बांधायचं ठरलं की आधी चार कोपऱ्यांवर चार दगड मांडायचे आणि रात्रभर तिकडे ढुंकूनही बघायचं नाही. सकाळी दगड जागच्या जागी असले तर पाया खणायचा. एखादा हलला असला तर ती भल्या माणसांची वाट, तिथून मुकाट्याने उठायचं. भली माणसं म्हणजे जमिनीखाली राहणारी, डोळ्यांना न दिसणारी; त्यांचं खरं नाव त्या किनाऱ्यावर कुणी मोठ्याने घेत नाही.

गॉबनटचे दगड दोनदा हलले. आधी टेकाडावर, मग ओढ्यापलीकडे. लग्नाला चार वर्षं झाली तरी सासूच्या घरात तिच्या हक्काची एक खुंटी नव्हती, आणि आता तिसऱ्यांदाही दगड हलला असता तर गावातला एकही गडी तिच्या घराच्या कामाला हात लावणार नव्हता.

पण तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. दोन्ही वेळा चौथाच दगड कसा? बाकीच्या तिघांशी भल्या माणसांचं काय एवढं सख्य? तिचा संशय सासूवर, ल्यानवर होता. म्हातारीचे गुडघे धरले होते, पण जीभ आणि हट्ट दोन्ही अजून तरणे होते.

तिसऱ्या जागी, कुरणाच्या टोकाला, तिने चारही दगडांना खालून होडीचं डांबर फासलं. नवऱ्याला, मुरिशला, ती काही बोलली नाही.

सकाळी चौथा दगड हातभर सरकला होता. गॉबनट धावतच घरी आली आणि तिने न्याहारी मांडली. ल्यानने पावासाठी हात पुढे केला. तळवा स्वच्छ होता. मुरिशचे हात टेबलाखाली होते आणि त्याचा चहा निवत चालला होता.

"मुरिश, लोणी घे की."

"भूक नाही."

"तुला? हात वर कर बघू."

दोन्ही तळवे काळेकुट्ट. ल्यानने वाकून पाहिलं. "होडीला डांबर लावून महिना झाला ना रे?"

"रात्री मी दगडांना खालून डांबर फासलं होतं," गॉबनट म्हणाली.

"हाच का तुझा भला माणूस!" म्हातारीने कपाळावर हात मारला. "अगं पोरी, चार वर्षं देवाला सांगतेय, माझी चूल मला एकटीला मिळू दे. आणि हा मेला दगड ढकलत बसलाय!"

गॉबनट संतापली होती. तरी तिने आधी विचारलं ते हेच, "पण चौथाच का?"

"तोच सगळ्यात हलका होता."

"आणि हे सगळं कशासाठी?"

मुरिशने दाराकडे बघितलं. "बाबा गेले त्या दिवशी आई दारातून मला हाका मारत होती. मी खाली खाडीत होतो. मला ऐकूच आलं नाही. तू निवडलेल्या तिन्ही जागांवर मी उभं राहून बघितलं, गॉबनट. तिथेही दारातली आईची हाक ऐकू येत नाही."

ल्यानने पाव खाली ठेवला. गॉबनटचा राग गेला नाही, पण तिला त्याची फार कीव आली.

"मग तोंड होतं ना तुला?" ती म्हणाली. "चल. आई, तुम्ही दारात उभ्या राहा आणि याला हाका मारा."

दोघं दगड घेऊन कुरणाच्या टोकापासून घराकडे यायला लागली. वारा समुद्रावरून सुटला होता. म्हातारीचं तोंड हलताना दिसे, आवाज येत नसे. वीस पावलं. आणखी वीस. बटाट्याच्या वाफ्यांपाशी मुरिश एकदम थांबला.

"मुरिश!"

"आलो गं, आई," तो पुटपुटला आणि डांबर लागलेल्या हातांनीच त्याने डोळे पुसले.

"आणखी जवळ येऊ नका रे!" ल्यान दारातून ओरडली.

गॉबनटने तिथेच दगड मांडायला घेतले. या वेळी चौथा तिने सगळ्यात जड निवडला.