सगळ्यांचं एकच चुकलं

आमच्या वर्गात पाढे मी सांगते. मी म्हणायचं आणि बाकीच्यांनी माझ्या मागून. पहिलीपासनं असंच हाय. माझा आवाज सोनईच्या बाजारात भाजी विकणाऱ्या माझ्या आजीवर गेलाय, त्यामुळं आमची पाचवी पार रस्त्यापर्यंत ऐकू जाते. नुसते पाढेच न्हाई, सायली मॅडमनी कायबी विचारलं की पोरं आधी माझ्या तोंडाकडं बघतात आणि मग सगळा वर्ग एका सुरात उत्तर देतो. मॅडमला वाटायचं, वर्ग लई हुशार.

खरं सांगू का? मला भागाकार येत न्हाई. गुणाकारापर्यंत गाडी बरी चालली, मग जी अडकली ती अडकलीच. आणि पाचवीत वार्षिक परीक्षा नापास झालं, फेरपरीक्षेतबी गेलं, की आता परत पाचवीतच बसवतात. माझ्या मागून पाढे म्हणणारी पोरं सहावीत आणि ही सृष्टी इथंच! पण विचारायचं कुणाला? सगळे तर मलाच विचारतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गप बसले.

परवा मॅडमनी कार्डं आणली. प्रत्येकाला एक. मधे काळी चौकोनी नक्षी, चार बाजूंना बारीक अ, ब, क, ड. जे उत्तर वाटतं ते अक्षर वर करून कार्ड धरायचं. मॅडम समोरून मोबाईलचा कॅमेरा फिरवणार आणि किती जणांनी काय निवडलं त्याचे खांब वर्गातल्या टीव्हीवर दिसणार.

"प्रत्येकाची नक्षी वेगळी आहे. शेजाऱ्याचं बघून काही कळणार नाही," मॅडम म्हणाल्या.

आमची पोरं त्यांना अजून ठाऊक न्हाईत. फळ्यावर गणित आलं, सहाशे बारा भागिले सहा. मी ऐटीत 'अ' वर केला, म्हणजे बारा. मागं बसलेल्या करणनं मी कार्ड फिरवत असतानाच मान लांब करून माझं अक्षर वाचलं, कुजबुजला, आणि ते शेवटच्या बाकापर्यंत पोचलं. मोबाईल फिरला. टीव्हीवर 'अ'चा एकच खांब, छताला टेकायचा बाकी. 'ब'वर, म्हणजे एकशे दोनवर, एकटा सम्राट. तो खिडकीतनं बाहेर बघत हुता, त्यामुळं त्याच्यापर्यंत निरोपच गेला न्हाई.

"उत्तर एकशे दोन आहे," मॅडम म्हणाल्या. "सम्राट सोडून सगळ्यांचं चुकलं, ते ठीक. पण सगळ्यांचं एकच कसं चुकलं?"

"मॅडम, आमी सृष्टीचं बघून केलं," करण म्हणला. मेल्याला वाटलं, त्यात काय चुकीचं!

माझे कान तापले. आता मॅडम मला फळ्यापाशी बोलवणार, असंच वाटलं. पण त्या ओरडल्या न्हाईत. त्यांनी नवीन गणित लिहिलं आणि खाली 'ड'पुढं लिहिलं, 'मला येत नाही'.

"आता सगळ्यांनी डोळे मिटायचे. नावं फक्त माझ्या मोबाईलमध्ये, टीव्हीवर नुसते खांब. येत असेल तर उत्तर, नसेल तर 'ड'."

डोळे मिटले. कार्ड हातात फिरवत बसले. अंदाजानं 'ब' धरला असता तर कदाचित सुटलेबी असते. पण परीक्षेत अंदाज किती चालणार? लई भ्या वाटत हुतं. तरी 'ड' वर केला आणि हात खाली येऊ दिला न्हाई.

"उघडा डोळे."

टीव्हीवर 'ड'चा खांब सगळ्यात उंच. अगं बाई! म्हणजे एवढ्या सगळ्यांना? मला हसूबी आलं आणि रडूबी आलं.

मॅडमनी टीव्हीवरच्या त्या खांबाकडं बोट दाखवलं. "मी रोज विचारते, समजलं का? तुम्ही सगळे 'हो' म्हणता. ते काय होतं मग?"

शेवटी मीच उठले.

"मॅडम, मला भागाकार येत न्हाई. मला सहावीत जायचंय. शिकवा."

मॅडमनी खडू उचलला. "नेमकं कुठं अडतं?"

"मधल्या आकड्याला भाग जात न्हाई ना, तिथं."

मागनं करण उठला. "मॅडम, माझं तर त्याच्याबी आधीच अडतं."