गोमतीच्या वळणावरचे जांभूळ

मित्रांनो, लखनौला गोमतीच्या वाळूत एक काळे खोड आडवे पडले आहे. ते मी. मी एक जुने जांभळाचे झाड आहे. आता मला पालवी फुटत नाही, पण एके काळी समोरच्या काठावर मी ताठ उभे होते.

नदी तिथे वळते. वळणाच्या बाहेरच्या काठावर पाणी जोरात आदळते आणि पायथ्याची माती कापत जाते. आतल्या बाजूला तेच पाणी मंदावते, आणि वाहून आणलेली माती, वाळू तिथे टाकते. मी बाहेरच्या काठावर होते. माझ्या मुळांनी आणि खालच्या दाट सरपत गवताने तो काठ धरून ठेवला होता. नदी कापत होती, पण फार हळू.

जवळच्या अलीगंज वस्तीत दत्तात्रय नावाचे साताऱ्याचे गृहस्थ राहत. बँकेत होते. १९९२ च्या हिवाळ्यात त्यांना मुलगा झाला आणि बारशाआधीच गेला. इतक्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत. दत्तात्रयांनी त्याला माझ्या मुळांपाशी पुरले. त्याची आई पद्मिनी तेव्हा दवाखान्यातच होती.

ती नंतर आली. "कुठे?" एवढेच तिने विचारले. त्यांनी जागा दाखवली. ती खाली बसली आणि त्या मातीवर हात ठेवून राहिली. मग दर रविवारी येऊ लागली. बाळाचे नाव तिने अमोघ ठेवले होते. घरात ते कोणी उच्चारत नसे. इथे ती मोकळेपणी हाक मारायची. माझी जांभळे पिकून तिच्या पदरावर पडत, डाग पडत. तिने कधी झटकली नाहीत.

काही वर्षांनी एका रविवारी वीटभट्टीसाठी माती न्यायला माणसे आली. त्यांनी आधी सरपत उपटले, मग काठाचा पायथा खणायला घेतला. पद्मिनी धावत खाली उतरली.

"भैया, इधर मत खोदिए. इधर मेरा बच्चा है."

फावडे थांबले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने डोक्याचा गमछा काढला. "नहीं खोदेंगे, बहनजी," तो म्हणाला. त्याने शब्द पाळला. माझ्याखाली कोणी खणले नाही. पण दोन्ही बाजूंची माती गेली, आणि नदीला आत शिरायला वाट मिळाली.

त्या वर्षी भाद्रपदात पाणी चढले. पायथा आतून पोखरत गेला, वर जमिनीला भेगा पडल्या. मित्रांनो, मी मुळे आवळून धरली. ती छोटीशी जागा माझ्या कवेत होती. पण मुळांखाली मातीच उरली नाही. एका दुपारी अख्खी दरड कोसळली, आणि तिच्याबरोबर मीही. पाण्याने मला ओढत या काठाच्या गाळात आणून टाकले.

रविवारी ती आली. तुटलेल्या कडेवर उभी राहून नुसती पाण्याकडे बघत होती.

"पद्मिनी, मागे ये. कड कच्ची आहे," मागोमाग आलेले दत्तात्रय म्हणाले.

"मी आता कुठे बसू?" तिने विचारले. त्यांनी तिचा दंड धरला आणि दोघे तिथेच रडली.

थंडीत पाणी उतरले. ती दोघे आपल्या थोरल्या मुलीला, उत्कर्षाला, घेऊन होडीने इकडे आली. नव्या गाळावर कोणी खरबुजाची रोपे लावली होती.

"मम्मी, उधर की मिट्टी यहीं आती है न? हमारी किताब में है," उत्कर्षा म्हणाली.

"थोडी इथे येते. बाकीची पुढे जाते, बाळा. फार पुढे," दत्तात्रय हळूच बोलले.

पद्मिनी गाळावरून चालू लागली. पाऊल कुठे टाकावे हे तिला कळत नव्हते. अखेर तिने चपला काढून हातात घेतल्या. तिने हाक मारली नाही. कुठे बघून मारणार? पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. ती पुन्हा आली नाही.

मित्रांनो, वळणावर नदी कापणारच, तो तिचा स्वभाव आहे. तिच्यावर माझा राग नाही. पण काठावरचे गवत उपटू नका, झाडाच्या आजूबाजूची माती नेऊ नका. तिला हळू कापू द्या. तेवढ्या हळूपणात एखाद्या आईचा सारा जन्म आपल्या बाळापाशी बसून निघून जातो.