शेवग्यावरचा वेल

शेवग्यावर चढलेला तो वेल ठेवायचा की उपटायचा, यावर आमच्या घरात पाच महिने खल चालला होता.

मूळ सगळं पालिकेचं. नगरपालिका नव्हे. आम्हा कुंभकोणच्या मराठी लोकांच्या लग्नांत, इथल्या चालीप्रमाणे, पाच सवाष्णी मातीच्या कुंड्यांत भिजवलेलं धान्य पेरतात: साळ, मूग, उडीद, तीळ, मोहरी. त्या कुंड्यांना पालिका म्हणतात. कोंब तरारले की मुलीचा संसार तरारतो. लग्न झालं की ते कावेरीत सोडायचे. आमच्या श्रीविद्याच्या लग्नाच्या वेळी कावेरीत नुसती वाळू होती, म्हणून आमच्या ह्यांनी पालिका परसात शेवग्याच्या बुंध्याशी रिकाम्या केल्या.

मूग-उडीद वाढले, वाळले. मागून एक वेल वर आला, तो या पाचांतला नव्हता. पान घेवड्यासारखं, पण घेवडा नव्हे. फोनवरच्या ॲपने तीन वेळा विचारल्यावर तीन नावं सांगितली. माझे चुलत दीर हनुमंतराव म्हणाले, "हें खाजकुइलीचें दिसतें. पालिकेंत परकें रोप बरें नव्हे, पंकजा. उपटून टाक."

तीस वर्षं बँकेत काढलेली बाई मी. असल्या बोलण्याला भीक घालत नाही. पण चोराच्या मनात चांदणं! माझी थोरली नणंद सुब्बलक्ष्मी अक्का तिरुनागेश्वरम्‌ला राहते. मी बँकेत जायची तेव्हा श्रीविद्याला सात वर्षं तिनंच सांभाळलं. लग्नात धान्य भिजवलं तेही तिनंच. पेरायच्या वेळी मात्र हनुमंतराव म्हणाले, "सवाष्णींनींच पुढें या," आणि अक्का, विधवा म्हणून, मुकाट्यानं भिंतीशी सरकली. नवरीची आई मी. एक शब्द बोलायचा होता. मूग गिळून बसले.

आता माझ्या पापाचं फळ लेकीच्या संसाराला लागणार, असं मला त्या वेलाकडे बघून वाटे. ही भीती कुणाला सांगितली नाही. पण ओळख पटल्याशिवाय कुणाला हाकलायचं नाही, एवढं बँकेनं शिकवलं होतं. म्हणून वेल राहिला.

कार्तिकात फिकट निळी फुलं आली, मग शेंगा. चार धारांच्या, प्रत्येक धारेला झालर. एक आडवी चिरली आणि कोइमतूरला श्रीविद्याला व्हिडिओवर दाखवली. ती किंचाळलीच.

"आई, ही ताऱ्याची भाजी! अक्काच्या विहिरीवर हाच वेल होता. मी जेवलें नाहीं कीं ती अशा चकत्या ताटांत मांडायची!"

चौधारी घेवडा म्हणतात त्याला, हे मागाहून कळलं. त्या क्षणी मी फक्त पिशवी भरली आणि बस पकडली.

अक्कानं पिशवीत डोकावून पाहिलं. "आला म्हण कीं!"

"अक्का, हे तुम्ही..."

"धान्य भिजविलें मीच ना? त्यांत दोन बियां टाकिल्या. माझा हात चालत नाहीं, बीं तर चालतें?"

बोलण्यात राग नव्हता, तेच मला सोसेना. कॅशियरांना रडवणारी मी, तिच्या ओसरीवर हुंदके देऊन रडले. "अक्का, माझी लेक तुम्ही वाढवलीत आणि आशीर्वाद तुम्हाला चोरून द्यावा लागला. चुकले मी. तुमचे उपकार मी कधी तोंडानं बोलूनसुद्धा दाखवले नाहीत."

"अय्यो, पुरे."

"पुरे नाही. संक्रांत झाली की तै महिन्यात माझ्या धाकट्या लेकीचं, कीर्तीचं लग्न आहे. पालिकेत पहिली मूठ तुमची."

"हनुमंत काय म्हणेल?"

"म्हणू देत. त्यांना खाजकुइलीची भाजी वाढू."

अक्का हसली नाही. उठून आत गेली. बऱ्याच वेळानं ताट घेऊन आली, माझ्यापुढं ठेवलं. भाताभोवती शेंगेच्या हिरव्या चकत्या एकेक करून मांडल्या होत्या, न जेवणाऱ्या मुलीसाठी मांडाव्यात तशा.

"सरी, बरें. येतें लग्नांत मूठ पेरायला," ती डोळे पुसत म्हणाली. "आधीं जेव."