वीतभर कट्टा

मास्तर धंद्यानं शिंपी, वय बावन्न. दिवसभर शिलाई मशिनीवर वाकायचं आणि सकाळी सहाला स्पोर्ट्स बाइकच्या टाकीवर ओणवं होऊन गावाबाहेरच्या रस्त्यावर तासभर सुसाट सुटायचं, हा त्यांचा अकरा वर्षांचा नेम. त्यामुळे ताठ उभे असलेले मास्तर फक्त लग्नाच्या फोटोत पाहायला मिळत.

त्या गाडीला एका ओळीत चार सिलिंडर होते. ॲक्सिलरेटरची मूठ पिळली की ती अशी किंचाळायची की मास्तरांना धन्य धन्य वाटे. शेजारच्या काकांचं मात्र टाळकं सरके. काका निवृत्त प्लंबर. सहा वर्षांपूर्वी या आवाजावरून दोघांची चांगलीच जुंपली, बोलणं बंद झालं, आणि आठवड्याभरात काकांनी दोन घरांमधल्या बोळात, आपल्या भिंतीला लागून, वीतभर रुंदीचा, गुडघाभर उंचीचा सिमेंटचा कट्टा बांधला. पाइप झाकायला बांधतोय, असं त्यांनी गवंडीकाम करता करता भिंतीला सांगितलं. मास्तरांची गाडी मागच्या अंगणात राहायची आणि बोळाशिवाय तिला दुसरी वाट नव्हती. पण गाडी सडपातळ. कट्ट्यापासून चार बोटं अंतर राखून ती निघून जाई, आणि नेमकं काकांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मास्तरांची मूठ जरा जास्तच पिळली जाई.

मग मनगटांनी दगा दिला. हँडल खाली, सगळा भार हातांवर. बोटांना मुंग्या येऊ लागल्या. एक वकील नवा कोट घालून आरशासमोर उभे राहिले, दोन्ही हात पुढे केले, तर डावी बाही बोटभर आखूड. वकील हात खाली-वर करून बघत राहिले. कोपऱ्यात काजं करत बसलेल्या मास्तरीणबाईंनी सुई थांबवून नुसतं बाहीकडे पाहिलं. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

महिन्याभरात चार सिलिंडर गेले आणि दोन आले. बॉक्सर इंजिनाची गाडी. तिचे दोन्ही सिलिंडर दोन अंगांना आडवे बाहेर आलेले, दोन्ही काखांत कलिंगडं घेऊन निघालेल्या माणसासारखे. बसायला ताठ, मागं ऐसपैस सीट. मास्तरांनी शोरूममध्ये गळ्यातला टेप काढला आणि सीटची उंची, स्वतःचा पाय, मागच्या माणसाचा गुडघा किती दुमडेल, सगळं मोजलं. गाडी घ्यायची आहे की शिवायची, असं विक्रेत्यानं विचारलं.

घरी येताना पहिल्या सिग्नलला मास्तरांनी सवयीनं मूठ पिळली, तर गाडीनं उजवीकडे खांदा उडवला. मागून कोणी धक्का दिला म्हणून त्यांनी वळून पाहिलं. कोणी नव्हतं. दुसऱ्या सिग्नलला पुन्हा तेच; अशा आडव्या इंजिनाची ती खोडच होती. तिसऱ्याला त्यांनी शेजारच्या सायकलवाल्याची माफी मागून टाकली. दुसऱ्या गिअरमध्ये बराच वेळ ते किंचाळीची वाट पाहत राहिले. गाडी आपली जेवण झालेल्या माणसासारखी हुंकार देत होती. शेवटी त्यांनी नाद सोडून वरचा गिअर टाकला, तेव्हा ती मुकाट्यानं, पण अशी ओढून निघाली की मास्तरांचं मन थोडं विरघळलं.

त्याच मनःस्थितीत ते बोळात शिरले. मोजायचा राहिला होता तो एवढा बोळच. मधोमध खर्रकन आवाज झाला. डावा सिलिंडर स्वतःच्या भिंतीला, उजवा कट्ट्याला. पुढं जाता येईना. बोळाला अंगणाकडे उतार, त्यामुळे अडीचशे किलोचं धूड मागंही येईना. आणि सोडून उतरावं तर ते काकांच्या खिडकीवर कलंडणार.

खिडकी उघडली.

“आज आवाज आला नाही,” काका म्हणाले. सहा वर्षांतलं पहिलं वाक्य.

“गाडी बदलली.”

“कट्ट्याला अडकली का?”

“अडकली.”

“तो मी पाइप झाकायला बांधला होता.”

“हो, तुम्ही म्हणाला होतात.”

काकांनी खिडकीतून वाकून सिलिंडरकडे पाहिलं. “तिथून पाइप जातच नाही,” ते म्हणाले, आणि छिन्नी-हातोडा आणायला गेले.

कट्टा फुटायला दीड तास लागला. माल चांगला वापरला होता, हे काकांनी दोनदा सांगितलं. मास्तर गाडी तोलून उभेच. मास्तरीणबाईंनी मागच्या दारातून येऊन हँडलवरून चहा दिला आणि एक घोट मास्तर, एक घोट काका अशी पाळी लावली. मनगटांची हकिगत निघाली. तिशीपासून पाना फिरवून आपलीही मूठ वळत नाही, असं सांगून काकांनी खरंच ती वळून दाखवली, अर्धीच वळली. रोज सकाळी आपण जास्तीची मूठ पिळत होतो, हे मास्तरांनी खाली बघत कबूल केलं.

“माहीत आहे,” काका म्हणाले.

गाडी सुटली. उजव्या सिलिंडरवर चांगला लांबलचक ओरखडा होता. काकांनी ती चालू करायला लावली, कान देऊन ऐकलं आणि पाण्याच्या पंपासारखी बरी चालते म्हणून पसंती दिली.

संध्याकाळी मास्तरीणबाई पहिल्यांदाच मागं बसल्या. जुन्या गाडीची मागची सीट टाचण्या खोचायच्या उशीएवढी, तिच्यावर त्या कधी चढल्याच नव्हत्या. तळ्यापर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, म्हणून मास्तर मनात म्हणाले, घाबरली बिचारी. तळ्याकाठच्या मोकळ्या मैदानात त्या उतरल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, “गिअर कुठल्या पायानं टाकायचा?”

सायकलीपलीकडे त्यांनी आयुष्यात काही चालवलं नव्हतं. मास्तरांनी नको-नको म्हणत क्लच समजावला, गिअर समजावला. पुढचं समजावेपर्यंत बाई निघाल्या होत्या. पाठ ताठ, पहिला गिअर, मैदानाला गोल फेरी. मग दुसरी. तिसऱ्या फेरीला मास्तरांच्या जवळून जाताना त्यांनी अगदी शांतपणे, थांबायचं कसं असतं ते विचारलं, आणि मास्तर शेजारून पळता पळता सांगू लागले.