एकतीस पानं आणि एक बकरी

"जितकी पानं जास्त लिहिशील, पोरी, तितकी तुझी मान खाली राहील," असं कर्स्टनने खेळ चालवायला घेतला त्या पहिल्याच वर्षी डेल्मरने तिला बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. डेल्मरचं काय, तो बावीस वर्षं या टेबलाचा गेम मास्तर होता. जुन्या पाकिटाच्या पाठीवर चार शब्द खरडायचा आणि त्यावर चार तास गोष्ट चालवायचा. कर्स्टनला ते जमण्यातलं नव्हतं. ओटो झाल्यापासून तर नाहीच. जिच्या फ्रिजवर बाळाच्या दुधाचे, झोपेचे आणि तापाचे तीन वेगळे तक्ते लावलेले असतात, ती बाई नकाशाशिवाय गुहेत कशी शिरेल?

खेळ तसा बोलाचाच. मास्तर गोष्ट सांगतो, खेळाडू आपापलं पात्र काय करतंय ते सांगतात, आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. अमेरिकेतल्या शेबॉयगन गावी कर्स्टनच्या घराच्या तळघरात दर रविवारी दुपारी तो चालायचा. वर तिचा नवरा निल्स ओटोला मांडीवर घेऊन मॅच बघायचा. खाली टेबलावर फाशांच्या शेजारी ओटोचा श्वास ऐकवणारी पांढरी डबी असायची, आणि दर पाच मिनिटांनी ती उचलून कानाशी न्यायची कर्स्टनला सवयच लागली होती.

त्या नोव्हेंबरातल्या रविवारी तिच्या फायलीत एकतीस पानं होती. त्यातली चौदा हुर्कच्या मरणाची.

हुर्क म्हणजे खेळातलं डेल्मरचं पात्र, डोंगराच्या पोटात राहणाऱ्या बुटक्यांच्या जातीतला योद्धा. दाढी कमरेपर्यंत, कुऱ्हाड स्वतःपेक्षा उंच. मंगळवारी डेल्मरचा फोन आला होता. "मास्तरीणबाई, माझ्या म्हाताऱ्याला एक चांगलं मरण द्या. येत्या रविवारी देऊन टाका. नंतर मला रविवारचं जमणार नाही."

"का हो?"

"आता वय झालं ना त्याचं," डेल्मर म्हणाला आणि ओटोच्या दातांची चौकशी करू लागला.

कर्स्टनने पुढे विचारलं नाही. त्याऐवजी तीन रात्री जागून तिने एक दगडी पूल बांधला, त्यावर राक्षस उभा केला, आणि सगळ्यांना वाचवताना हुर्क कसा पडेल ते शब्दनशब्द लिहून काढलं. लिहिताना ती दोनदा रडली. डेल्मर नसलेलं टेबल तिला डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं, म्हणून निदान त्याचा निरोप तरी झोकात व्हावा, एवढंच तिच्या हाती होतं.

पण पुलापर्यंत जाईल तो खेळाडू कसला! वाटेत तिने शोभेपुरता एक गुराखी उभा केला होता. पूर्ण एक ओळ. त्याच्याजवळ एक बकरी.

"बकरीचं नाव काय?" रोक्सॅनने विचारलं. रोक्सॅन शाळेची बस चालवायची. आवाज बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा.

"नाव… पेट्रा," कर्स्टन म्हणाली.

"पेट्रा लंगडत का चाललीय?"

"लंगडते असं कुठे म्हटलं मी?"

"तोंडावरून कळतंय तुझ्या. एमरी, बकरी जखमी आहे. आपण तिच्यासोबत जायचं."

एमरी औषधांच्या दुकानात कामाला होता आणि त्याचं पात्र वैदू होतं. "बरोबर आहे. पेशंट आधी," तो गंभीरपणे म्हणाला.

"पण पुलाकडून शिंगाचा आवाज येतो," कर्स्टन घाईघाईने म्हणाली. "भयंकर आवाज."

"वाजू दे. आम्ही बकरीमागे."

"पुलावर धूरही दिसतो."

"बघा, बघा, ढकलतेय ही आपल्याला पुलावर!" रोक्सॅन खिदळली. "काय लिहून आणलंयस गं तिथे एवढं?"

बकरी डोंगरातल्या एका जुन्या मिठाच्या खाणीत शिरली. ही खाण फायलीत कुठेच नव्हती. कर्स्टनने डेल्मरकडे पाहिलं. तो आपल्या मरणाची वाट बघत शांतपणे बसला होता, हात मांडीवर. तिने पानं पुढे-मागे केली, खाण सापडते का म्हणून उगाच, आणि मग फाईल मिटून खुर्चीखाली ठेवली. करायला काही उरलं नाही म्हणून ती नुसती माणसांकडे बघत बसली.

"जमीन खचते," ती म्हणाली. "पेट्रा खाली घसरतेय. हुर्क, दोर तुमच्या हातात आहे. टाका."

डेल्मरने फासा टाकला. रोक्सॅन वाकून चीजचे ताजे गोळे तोंडात टाकत होती, दाताखाली त्यांची चुईंचुईं चालली होती. एमरी कोपऱ्यातल्या फ्रिजमध्ये डोकं घालून सोडा शोधत होता. फासा गडगडत कर्स्टनच्या पुढ्यात थांबला.

वीस.

या टेबलावर वीस पडला की काय होतं ते शेजाऱ्यांनाही ठाऊक होतं. पाइपाला गाईच्या गळ्यातली घंटा टांगलेली होती, डेल्मरनेच पंधरा वर्षांपूर्वी आणलेली, आणि वीस पडला की टाकणाऱ्याने उठून ती बडवायची. सगळ्यात जोरात तोच बडवायचा.

डेल्मर फाशाकडे वाकला. क्षणभर थांबला. "अकरा," म्हणाला.

कर्स्टनच्या मनात आलं, मरायचंच आहे म्हणून मुद्दाम कमी सांगतायत. तिने फासा त्याच्याकडे सरकवला. "दोर ओला आहे. पुन्हा टाका."

या वेळी तीन पडला. डेल्मर पुन्हा वाकला, पुन्हा थांबला. "बारा."

नऊ, अकरा, बारा. कित्येक आठवडे त्याचे आकडे असेच मधले येत होते, आणि तिने ते मान खाली घालून इमानेइतबारे लिहून घेतले होते. ओटोला शिंक आली तर जिना चढून जाणाऱ्या तिला हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाचे डोळे गेलेले कळले नाहीत.

आता बोललं तर तो सगळ्यांसमोर ओशाळेल, टोपी उचलेल आणि जाईल. गप्प बसलं तरी जाईलच. एमरी फ्रिजपासून परत येत होता. तिच्याकडे तेवढाच वेळ होता.

"बारा पुरतात. पेट्रा वर आली!" ती म्हणाली. "आणि येता येता तिने लाथ मारून कंदील फोडला. मिट्ट काळोख. आता कुणालाच आपला फासा दिसत नाही. शेजारच्याने वाचायचा."

"हा कुठला नियम?" एमरी म्हणाला.

"माझा. आत्ता केलेला."

"पाकिटाच्या पाठीवरचा," रोक्सॅन म्हणाली आणि आपली खुर्ची डेल्मरजवळ ओढली. "टाक डेल, मी वाचते. सतरा! अरे, हात चांगलाय की तुझा."

"हुर्क बुटका आहे, काळोखातच जन्मलाय," कर्स्टन म्हणाली. "तो पुढे. हुर्क, भिंतीला हात लावा. काय लागतंय?"

डेल्मरने खरंच हात पुढे केला. चाळीस वर्षं त्याने लोखंडाच्या ओतकामात काढली होती. "गार आहे," तो हळूच म्हणाला. "खरबरीत. इथे मात्र गुळगुळीत, म्हणजे इथून माणसं जात होती, खांदे घासून घासून… थांबा, डावीकडून वारा येतोय. माझ्या मागे या. दाढी धरा हवी तर."

"मी धरली," रोक्सॅन म्हणाली.

"एवढी ओढू नकोस गं!"

तास दीड तास तोच बोलत होता. कर्स्टन मध्येच एखादं पाणी ठिबकवायची, एखादी वाट बंद करायची. पुलाखाली लिहून ठेवलेली जुनी समाधीसुद्धा तिने खाणीत आणून बसवली, ती पानं तिला पाठच होती. पांढरी डबी एकदाही कानाशी नेली नाही. शेवटी सगळे उजेडात आले तेव्हा वरून निल्स ओरडला, की मॅच संपली आणि ब्रॅट सॉसेज भाजायला घेतोय.

"माझं मरण राहिलं की," डेल्मर कोट चढवताना म्हणाला.

"आज वेळ नाही झाला," कर्स्टन म्हणाली. मग हलकेच, "कधीपासून?"

तो बटणाशी झटत राहिला. "ऑगस्टपासून. बघतो तिथलं मधलं सगळं पुसल्यासारखं झालंय. फासा वाचता येत नाही त्याने टेबल कशाला अडवायचं?"

"आमच्याकडे आता शेजारी वाचतो. आणि गाडी?"

"रस्ता पाठ आहे मला."

"डेल्मर, रस्त्यावरची माणसं पाठ नाहीत ना." तिने तळहात पुढे केला. तो हलला नाही. तिनेही हात मागे घेतला नाही.

"दे रे किल्ली," मागून रोक्सॅन म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं. "मी रोज चाळीस कार्टी घरी पोचवते. तू एक्केचाळिसावा. दंगा केलास तर पुढच्या सीटवर बसवीन."

डेल्मर हसला, आणि किल्ली कर्स्टनच्या हातावर ठेवली. मग रोक्सॅनकडे वळला. "रविवारी किती वाजता येशील न्यायला?"

"एक. उशीर केलास तर हॉर्न वाजवीन, सगळी गल्ली बाहेर येईल."

त्या आठवड्यात कर्स्टन त्याच्यासोबत डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली, ओटोला कडेवर घेऊन. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. हुर्क अजून जिवंत आहे आणि बकरी त्याच्या मागेमागे फिरते.

भेटेल त्याला कर्स्टन हल्ली एक विनंती करते, ती तुम्हालाही आहे. तुमच्या ओळखीतही कुणी असेल, ज्यांनी इतक्यात "आता मला जमणार नाही" असं सहज सांगितलं आणि तुम्ही पुढे विचारलं नाही. त्यांना आज फोन करा. कसे आहात असं विचारू नका, त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. काय जमत नाही, ते विचारा. आणि जमलं तर फोनही नको, जाऊनच या.