थोरियमचं घड्याळ आणि झोपाळू सासरे

ओरडून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर माझी कवळी भर चौकात नाचेल!

एक सूनबाई होती, घड्याळं करणारी. साधीसुधी नव्हेत हो. थोरियम धातूच्या अणूच्या पोटात जे केंद्रक असतं, त्याच्या ठोक्यावर चालणारं घड्याळ तिला करायचं होतं. पण केंद्रक महाआळशी! लेसरचा नेमका रंग अंगावर पडला तरच जागं होऊन मिणमिणणार. रंग केसभर चुकला, की ढिम्म.

त्यात आज शेवटचा दिवस. मिणमिण पकडली नाही, तर लेसर शेजारच्या खात्यात जाणार. शेजारचे तर ढकलगाडी घेऊन दारात उभेच!

सासूबाई बहिणीकडे गप्पा हाणायला गेलेल्या, म्हणून सूनबाईनं सासऱ्यांनाही सोबत प्रयोगशाळेत आणलेलं. ते कोपऱ्यात असे घोरत होते, की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मागे सरकत होता.

सूनबाई थोरियम भरलेल्या स्फटिकावर लेसर मारत भराभर रंग बदलत होती. मध्येच मिणमिण दिसायची. तोच रंग पुन्हा लावला, की काही नाही.

"यंत्राला वेड लागलंय," प्रयोगशाळेचे मुख्य सर म्हणाले. "गुंडाळा गाशा. आजोबा, चहात साखर किती?"

सासरे गाढ झोपेत.

"आजोबा, पाय घ्या, गाडी जाऊ दे," शेजारचा म्हणाला.

सासऱ्यांचं घोरणं चालूच.

"बाबा, उठा, घरी जायचंय," सूनबाई रडवेली होऊन म्हणाली.

"दोन चमचे!" सासरे गरजले.

सगळे खो-खो हसले. सूनबाई मात्र ताडकन उठली.

"अहो सर, हे उत्तर तुमच्या प्रश्नाचं! बाबांना हाक पोचायलाच वेळ लागतो. केंद्रकाचंही तसंच. ते मिणमिणतं मघाच्या रंगाला, आणि आपण शाबासकी देतो आत्ताच्या रंगाला!"

तिनं मागचा रंग लावला आणि हात बांधून थांबली. मग लेसर बंद केला, तरी स्फटिकातलं थोरियम मिणमिणतंय! इमारतीतली यच्चयावत घड्याळं लाजून थांबली.

तेवढ्यात सासऱ्यांनी पाय उचलले. "जाऊ दे रे गाडी!"

गाडी गेली, पण लेसर न घेता. सासरेच तिच्यावर बसून घरी आले.

बरं, एवढं एक माझ्या मनचं आहे. चमचे दोन नव्हते, पाच होते. पण आमच्या ह्यांचे डॉक्टरही वाचतात हो!