खालच्या मजल्यावरचा राउटर

सरांचा फोन गुरुवारी सव्वाचारला आला. "आजही तुझा आवाज आला नाही गं," ते म्हणाले, आणि चूक आपलीच असावी अशा सुरात पुढे म्हणाले, "बटण तर मी बरोबर दाबलं होतं."

धाकटीला, म्हणजे घरातल्या धाकट्या सुनेला, शाळेत वाचायला शिकवलं ते याच सरांनी. आता ते ब्याऐंशीचे होते आणि सहा वर्षांपासून त्यांना काहीच दिसत नव्हतं. धाकटी दिवसभर छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि घरी आली की सरांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची. प्रकरणं तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर असायची. सरांच्या नातवाने परगावी जाण्याआधी आजोबांना एक पेटी करून दिली होती. तिला बटण एकच. चार वाजता ते दाबलं की पेटी इंटरनेटवरून थेट धाकटीच्या घरी यायची आणि पुढचं प्रकरण ऐकवायची. दुसरं कुठलंही घर त्या पेटीला ठाऊक नव्हतं. मंगळवारपासून ती मुकी झाली होती.

"शनिवारी सकाळी दवाखान्यात भरती व्हायचंय," सर म्हणाले. "हृदयाची झडप बदलणार आहेत. शेवटची दोनच प्रकरणं राहिलीत. ती ऐकून गेलो असतो तर बरं झालं असतं."

"मी फोनवर वाचून दाखवू का?"

"फोनवर मला निम्मंच ऐकू येतं. उरलेलं निम्मं मी मनाचं घालतो, मग ती गोष्ट लेखकाची राहत नाही."

धाकटीला हसू आलं आणि भीतीही वाटली. तिने शुक्रवारची रजा टाकली.

शुक्रवारी नऊ वाजता ती कंबर कसून राउटरसमोर बसली. बाहेरून अमुक क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, कोणी आलं तर त्याला तमुक कॉम्प्युटरकडे पाठव, अशी सूचना राउटरला देऊन ठेवावी लागते. ती सूचना तिने दोन वर्षांपूर्वी स्वतः लिहिली होती आणि आजही ती जागच्या जागी होती. कॉम्प्युटरचा घरातल्या नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता बदललेला नव्हता. तिने सूचना पुसली, पुन्हा लिहिली. राउटर बंद केला, चालू केला. मग मोबाइलचं वायफाय बंद करून, म्हणजे बाहेरच्या माणसासारखी, स्वतःच्याच घरी यायचा प्रयत्न केला. पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत राहिलं.

कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली आणि तिने राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. कामाने परगावी गेलेल्या नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "नेट चालतंय ना? मग झालं." एरवी धाकटीने त्याच्याशी वाद घातला असता, आज वेळ नव्हता.

घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. कळलं तेही तिच्या धंद्यामुळे. मुद्रितं तपासणारी बाई दोन कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहते. तिने राउटरच्या पानावरचा 'बाहेरचा पत्ता' कागदावर उतरवला. जग ज्या पत्त्याने आपल्याला ओळखतं तो दाखवणाऱ्या साइटवरून दुसरा पत्ता त्याच्याखाली लिहिला. दोन्ही एकच असायला हवे होते. पण त्यांचा पहिला आकडासुद्धा जुळत नव्हता. राउटर ज्याला बाहेरचा पत्ता म्हणत होता, तो घराच्या आतच वापरतात त्या जातीचा होता. म्हणजे तिच्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर बसला होता, आणि सरांची पेटी त्याच्याच दारात अडली होती.

तिने हाताने वायर चाचपत नेली. ती खिडकीतून बाहेर पडली, भिंतीवरून उतरली आणि खाली थोरल्या जावेच्या खोलीत शिरली. मग तिला आठवलं की मंगळवारी कंपनीचा माणूस येऊन गेला होता. तो खालचं जुनं साधं यंत्र काढून तिथे नवा राउटर बसवून गेला आणि वरती कोणी काही सांगितलं नाही.

सांगणार कोण? दोघी जावांनी दोन वर्षं एकमेकींशी अबोला धरला होता. सासूबाईंचं शिलाई मशीन थोरलीने न विचारता देऊन टाकलं, एवढंच निमित्त. भाऊ-भाऊ रोज सोबत चहा प्यायचे, पण जावांनी विजेचा मीटर वेगळा घेतला, पाण्याची टाकी वेगळी घेतली, दारावरची घंटासुद्धा वेगळी. एका पत्त्यावर दोन जोडण्या द्यायला कंपनीने नकार दिला, म्हणून इंटरनेट तेवढं एकत्र राहिलं होतं.

पायऱ्या सोळाच होत्या. त्या उतरायला धाकटीला दहा मिनिटं लागली, कारण ती तीनदा परत वर गेली.

थोरलीने दार उघडलं.

"ताई, राउटरचं काम होतं," धाकटी म्हणाली.

"ये. फ्रिजवर आहे."

"पासवर्ड लागेल. खाली चिकटवलेला असतो."

थोरलीने यंत्र उचलून उलटं केलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, खिडकीकडे वळून तिरकं केलं. मग ते धाकटीच्या हातात दिलं. "तूच वाच," ती म्हणाली. अक्षरं काही बारीक नव्हती. धाकटीला फार वाईट वाटलं. सोळा पायऱ्यांवर राहून आपल्याला याचा पत्ताच नव्हता, याचं जास्त.

तिने खालच्या राउटरचं पान उघडलं आणि सूचना लिहिली: या क्रमांकावर कोणी आलं तर त्याला वरच्या राउटरकडे पाठव. पुढचं वरचा बघून घेईल. मोबाइलचं वायफाय बंद करून पाहिलं. या खेपेला यादी उघडली, पहिल्या प्रकरणापासून पंधराव्यापर्यंत. चार वाजायला बारा मिनिटं होती. "आज बटण दाबा, सर, आणि चौदावं संपलं की पुन्हा दाबा," तिने फोनवर सांगितलं. "बाकी मी बघते."

"झालं का?" थोरलीने विचारलं.

"झालं."

"मग एक विचारू? तो दीपगृहावरचा माणूस शेवटी खाली उतरतो का?"

धाकटीने वळून पाहिलं. ही गोष्ट तिच्या रेकॉर्डिंगमधली होती.

"मंगळवारी लेकीने फोनवर लावून दिलं," थोरली म्हणाली. "वरच्या काकूचं वाचन इथून ऐकू येतंय म्हणाली. काल माझं तेरावं संपलं. पुस्तक हातात धरून उपयोग नाही गं आता, ओळीच्या मधलंच दिसत नाही. मला वाटलं, तुला कुठून तरी कळलं असेल. म्हणून माझ्यासाठी उघडं ठेवलं असशील."

धाकटीच्या लक्षात आलं. दिवसभर जी सूचना चालत नाही म्हणून ती हैराण झाली होती, ती मंगळवारपासून बिनबोभाट चालू होती. फक्त वरच्या राउटरच्या लेखी आता 'बाहेर' म्हणजे खालचा मजला, आणि तिची पोच तेवढीच होती. 'हो' म्हणणं सोपं होतं. पण समोरची बाई तिच्याशी आज खरं बोलली होती.

"नाही, ताई. मला काहीच माहीत नव्हतं. ते चुकून तुमच्यापर्यंत येत होतं."

थोरलीने मान हलवली. "मग आता दुरुस्त झाल्यावर बंद होणार?"

"नाही," धाकटी म्हणाली. "बंद करणार नाही."

चार वाजले. धाकटीच्या मोबाइलवर एक बाहेरचा पत्ता उमटला आणि चौदावं प्रकरण सुरू झालं. सर आले होते. थोरलीने आपल्या फोनवर बोट ठेवलं आणि तिथेही तेच प्रकरण सुरू झालं. धाकटी खुर्चीवर टेकली. डोळे पुसत ती म्हणाली, "ताई, त्या मशीनवरून मी उगाच इतके दिवस..."

"थांब," थोरली म्हणाली. "तू वाचते आहेस तिकडे. ऐकू दे."